एसीच्या कोडने सुटलेला पेच: १९७० च्या एका शेव्हेलचे मूळ ऑप्शन्स शोधताना

जाहिरातीतला दावा असा होता: १९७० ची शेव्हरोले शेव्हेल एसएस (सुपर स्पोर्ट) ४५४, एलएस-६ इंजिन, चार गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, लाल रंग, काळे पट्टे आणि 'मॅचिंग नंबर्स', म्हणजे इंजिनावरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळणारा. गाडी ओहायोत होती. विकणारे एक निवृत्त अमेरिकन गृहस्थ होते आणि घ्यायला निघालेले माझे एक स्नेही. ते मूळचे सांगलीचे, आता बरीच वर्षं डेट्रॉइटजवळ, गाड्यांच्याच उद्योगात नोकरीला. त्यांचा फोन आला: "अहो, पत्रा आणि रंग मी बघून घेईन. ही गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा नेमकी काय होती, तेवढं तुम्ही शोधून द्या."

हा प्रश्न हौसेचा वाटतो, पण त्यावर पैशाचं मोठं गणित अवलंबून असतं. शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने आपल्या मध्यम आकाराच्या गाड्यांत ४०० घनइंचांहून मोठं इंजिन न बसवण्याचा नियम स्वतःवरच घालून घेतला होता. १९७० च्या मॉडेलला तो उठला आणि शेव्हेलला ४५४ घनइंचांचं इंजिन मिळालं. त्यातही दोन प्रकार होते, ३६० हॉर्सपॉवरचं एलएस-५ आणि ४५० हॉर्सपॉवरचं एलएस-६. एलएस-६ ची कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलं जाण्याचं प्रमाण, ११.२५ ला १ होती, आणि एल कामिनो (शेव्हेलची पिकअप आवृत्ती) धरून अशा फक्त ४,४७५ गाड्या निघाल्याचं मानलं जातं. कागदपत्रांसह सिद्ध झालेली एलएस-६ आज सहा आकडी डॉलरमध्ये जाते. तशीच दिसणारी, पण मुळात एसएस ३९६ असलेली गाडी त्याच्या बऱ्याच खाली राहते, आणि साध्या मालिबूवर (शेव्हेलचाच एसएस नसलेला प्रकार) बिल्ले लावून केलेली आणखी खाली. बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात. पुढची जाळी, बिल्ले, फुगीर बॉनेट, पट्टे हे सगळं नवं कोरं कॅटलॉगमधून मागवता येतं.

चॅसिस नंबर जे सांगत नाही ते

भारतात आपल्याला सवय अशी, की आरसी बुकातला चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर जुळले की विषय संपला. शेव्हेलच्या बाबतीत तिथे विषय सुरूही होत नाही. १९६८ च्या मॉडेलपासून नंबरची पट्टी डॅशबोर्डवर, ड्रायव्हरच्या बाजूला काचेतून दिसेल अशी बसवलेली असते. आमच्या गाडीचा नंबर १३६३७०बी असा सुरू होत होता. पुढचे सहा आकडे मालकाच्या विनंतीवरून इथे देत नाही. १ म्हणजे शेव्हरोले, ३६ म्हणजे व्ही-८ इंजिनाची मालिबू, ३७ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप (खिडक्यांमध्ये खांब नसलेली), ० म्हणजे १९७०, बी म्हणजे बाल्टिमोरचा कारखाना. संपलं. कुठलं व्ही-८, ते नाही. एसएस आहे की नाही, तेही नाही.

याचं कारण विक्रीच्या धोरणात आहे. १९६८ पर्यंत एसएस ३९६ ही स्वतंत्र मालिका होती आणि तिचा नंबर १३८ ने सुरू व्हायचा. १९६९ पासून एसएस हे नुसतं ऑप्शन पॅकेज, म्हणजे जादा पैसे देऊन निवडायचा संच, झालं. १९७० साली ३९६ साठी झेड-२५ आणि ४५४ साठी झेड-१५. पॅकेज नंबरात येत नाही. इंजिनाचं अक्षर शेव्हरोलेच्या नंबरात आलं ते थेट १९७२ ला. त्यामुळे १९६९, १९७० आणि १९७१ या तीन वर्षांच्या शेव्हेल म्हणजे तोतयांसाठी मोकळं रान आहे.

दुसऱ्या बनावटीची गाडी असती तर काम सोपं होतं. पॉन्टियॅकच्या जीटीओसाठी पॉन्टियॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे मूळ बिलांच्या नोंदी आहेत. १९६७ पासूनच्या फोर्डसाठी मार्टी ऑटो वर्क्स ही संस्था फोर्डच्या उत्पादन नोंदींवरून अहवाल देते. शेव्हरोले कॅनडात विकली गेली असती तर जनरल मोटर्स कॅनडाकडूनही ऑप्शन्सची यादी मिळाली असती. पण अमेरिकेत विकलेल्या शेव्हेलच्या एकेका गाडीचे ऑप्शन्स सांगणारी नोंद कंपनीने ठेवलेली नाही. शेताचा सात-बारा काढावा तसा हिचा उतारा कुठल्याच कचेरीत मिळत नाही. नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी जनरल मोटर्सच्या शिपिंग नोंदींवरून गाडी कधी तयार झाली आणि कुठल्या डीलरकडे गेली एवढं कळवते. आम्ही ते मागवलं. जानेवारी १९७०, डीलर पेनसिल्व्हेनियातला. ऑप्शन्सबद्दल त्यात अर्थातच एक शब्द नव्हता.

मूळ मालकाला वॉरंटी पुस्तिकेसोबत एक छोटी ॲल्युमिनियमची पट्टी मिळायची, प्रोटेक्ट-ओ-प्लेट. तिच्यावर इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलचे कोड उठवलेले असत. ती या गाडीची हरवलेली होती. असती तरी नुसत्या तिच्यावर मी विसंबलो नसतो, कारण कोऱ्या पट्ट्या आणि त्या उठवायची यंत्रं दोन्ही बाजारात आहेत.

ब्लॉकचं वय

फायरवॉलवरच्या (इंजिन आणि बैठकीच्या मधल्या पत्र्याच्या भिंतीवरच्या) फिशर बॉडीच्या, म्हणजे गाडीचा सांगाडा बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या विभागाच्या, पट्टीने पहिला धक्का दिला. तिच्यावर तारखेचा कोड ०१सी, म्हणजे जानेवारीचा तिसरा आठवडा. तो शिपिंगच्या नोंदीशी जुळला. रंगाचा कोड मात्र २८, म्हणजे फॅदम ब्लू, गडद निळा, आणि त्यापुढे छपराच्या जागी पांढऱ्या व्हिनाइलचं, म्हणजे छपरावरच्या चामड्यासारख्या आवरणाचं, अक्षर. ट्रिमचा, म्हणजे आतल्या सजावटीचा, कोड बेंच सीटचा (बाकासारखी सलग सीट). समोर उभी असलेली गाडी लाल, व्हिनाइल नसलेली, पुढे दोन वेगळ्या बकेट सीट. डिकीत वाकून मागच्या काचेखालच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला बॅटरी मारली, तर व्हिनाइलच्या कडेची पट्टी बसवायच्या खुंट्यांची भोकं वेल्डने बुजवलेली दिसली. स्पेअर टायरच्या खाली निळा रंग तसाच होता.

रंग बदलणं हा काही गुन्हा नाही. पन्नास वर्षांत कुणाला तरी लाल आवडला असेल. म्हणून आम्ही इंजिनाकडे वळलो.

बिग-ब्लॉक, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या, शेव्हरोलेत इंजिनाचा शिक्का पॅसेंजरच्या बाजूच्या सिलिंडर हेडच्या (ब्लॉकवरच्या झाकणाच्या) पुढे, ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाच्या, सपाट केलेल्या पट्टीवर असतो. मळ पुसल्यावर तिथे स्वच्छ वाचता आलं: टी०११२सीआरव्ही. टी म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोजवळचा टोनावांडा इंजिन कारखाना, ०११२ म्हणजे १२ जानेवारी, सीआरव्ही म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्ससाठीचं एलएस-६. शेजारी १०बी आणि गाडीचे शेवटचे सहा आकडे. दावा शंभर टक्के खरा करणारा शिक्का. विक्रेते मागे हात बांधून उभे होते. ते म्हणाले, "मी घेतली तेव्हाही हाच नंबर होता." मला त्यांच्या बोलण्यात खोट वाटली नाही.

पण ती पट्टी माझ्या नजरेला खटकत होती. कारखान्यात ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग ब्रोचिंगने, म्हणजे दातेरी हत्यार एकाच दिशेने सरकवून, कापला जायचा. त्यामुळे मूळ पट्टीवर एकाच दिशेने जाणाऱ्या बारीक समांतर रेघा राहतात. बॅटरी अगदी आडवी धरली की त्या उठून दिसतात. इथे पट्टी गुळगुळीत होती, आणि जिथे रेघा होत्या तिथे त्या पॉलिश पेपरने मारल्यासारख्या, थोड्या वर्तुळाकार. दुसरी गोष्ट अक्षरांची. इंजिनाचा कोड टोनावांडात पंच होतो आणि गाडीचा नंबर शेकडो मैलांवर बाल्टिमोरला, वेगळ्या हत्याराने, वेगळ्या माणसाच्या हातून. दोन्हींची वळणं आणि खोली सहसा वेगळी असते. इथे दोन्ही ओळी एकाच संचातल्या वाटत होत्या. शंका घट्ट झाली. पण वेळोवेळी इंजिन उतरवून ब्लॉकचा पृष्ठभाग पुन्हा कापला असेल तरीही रेघा जातात, तेव्हा नुसत्या शंकेवर कुणाला खोटं ठरवणं बरोबर नव्हतं.

निकाल लागला तो स्टार्टरजवळ. बिडाचा ब्लॉक ओततानाच त्याच्या अंगावर ओतकामाची तारीख उठावात येते: महिन्याचं अक्षर, दिवस आणि वर्षाचा शेवटचा आकडा. बिग-ब्लॉकला ती पॅसेंजरच्या बाजूला खाली, स्टार्टरच्या आसपास असते. लिफ्टवर गाडी चढवून तारेच्या ब्रशने तेलाचा थर काढला आणि बोटालाच आधी आकडे लागले. सी १६ १. १६ मार्च १९७१.

म्हणजे वरचा शिक्का सांगत होता की हे इंजिन १२ जानेवारी १९७० ला जोडून तयार झालं, आणि ज्या बिडातून ते घडलं ते त्यानंतर चौदा महिन्यांनी ओतलं गेलं. शिक्का मारणाऱ्याने वरची तारीख विचार करून निवडली होती. गाडीच्या बांधणीच्या आठवड्याला ती अगदी बरोबर बसत होती. गिअरबॉक्सकडच्या कडेवरचा ओतीव नंबर ३९६३५१२ हाही १९७० च्या एलएस-६ ला चालणारा होता, कारण तोच ब्लॉक १९७१ मध्येही वापरात होता. स्टार्टरजवळची तारीख तेवढी राहून गेली.

खात्रीसाठी व्हॉल्व्ह कव्हर काढलं. एलएस-६ चे हेड ३९६४२९१ नंबरचे असतात. इथे निघाले ३९९३८२०, म्हणजे १९७१ चे, कमी कॉम्प्रेशनचे. त्या वर्षी जनरल मोटर्सने कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावीत म्हणून सगळ्याच इंजिनांची कॉम्प्रेशन उतरवली होती. तेव्हा समोरचं इंजिन १९७१ चं एलएस-५ होतं. मन्सी बनावटीच्या मॅन्युअल गिअरबॉक्सवरचा नंबर ११एन ने सुरू होत होता: शेव्हरोले, १९७१, नॉरवूडचा कारखाना, म्हणजे मुळात बहुधा शेव्हरोलेच्याच कुठल्या तरी कॅमॅरो गाडीचा. जमिनीच्या पत्र्यातलं गिअरच्या दांड्याचं भोक हाताने कापलेलं होतं, कडा ओबडधोबड.

फ्रेमवर मागच्या चाकाजवळ आणि फायरवॉलवर हीटरच्या डब्याआड जे लपवलेले नंबर असतात, ते दोन्ही मात्र डॅशबोर्डवरच्या पट्टीशी जुळले. गाडी चोरीची किंवा दोन गाड्या जोडून केलेली नव्हती. ओळख खरी आणि इंजिन परकं, इथवर आम्ही आलो होतो.

फोटो आणि आठवण

विक्रेत्यांच्या कपाटात आधीच्या मालकाच्या कुटुंबाने दिलेला एक रंगीत फोटो होता. मागे १९७६ लिहिलेलं. फोटोत गाडी लाल, पुढच्या फेंडरवर ४५४ चा बिल्ला स्पष्ट. त्या कुटुंबातल्या मुलाशी, आता तेही साठीला टेकलेत, फोनवर बोलणं झालं. ते ठामपणे म्हणाले, "वडिलांनी घेतली तेव्हापासून ४५४ च होती." वडिलांनी ती १९७५ मध्ये वापरलेली घेतली होती, हेही त्यांनीच सांगितलं.

अशा शोधात लोक फोटोला आणि घरच्यांच्या आठवणीला फार वजन देतात. इथे दोन्ही खरे होते, आणि तरी कारखान्याबद्दल काहीच सिद्ध करत नव्हते. १९७१ नंतर केव्हातरी इंजिन बदललं, बिल्ला लागला, रंग झाला, आणि १९७५ ला ती त्यांच्या दारात आली तेव्हा हा सगळा प्रकार होऊन गेलेला होता. त्या काळात वापरलेल्या मसल कारला, म्हणजे अशा मोठ्या इंजिनाच्या वेगवान गाडीला, कुणी जपत नसे. पेट्रोल महागलेलं, विम्याचे हप्ते वाढलेले, आणि तरुण पोरं मिळेल ते मोठं इंजिन मिळेल त्या गाडीत घालत. त्यात फसवणुकीचा हेतू नव्हता. गाडीचा नंबर खोट्या ब्लॉकवर पंच करणं ही पुढची गोष्ट, किमती चढल्यानंतरची, आणि तिला मी फसवणूकच म्हणतो, ती करणारा कुणी का असेना.

टाकीवरचा कागद

आता उरलेला प्रश्न जास्त अवघड होता: मग ही मुळात काय होती? साधी मालिबू की खरी एसएस?

उत्तर असलंच तर पेट्रोलच्या टाकीच्या वर असणार होतं. बांधणीच्या रांगेवर प्रत्येक गाडीसोबत एक छापील तक्ता फिरायचा. छोट्या छोट्या चौकटी आणि प्रत्येकीत एक कोड. कामगार तो वाचून कुठला भाग बसवायचा ते ठरवत. ग्राहकासाठी तो नव्हताच. काम झालं की तो टाकीवर, सीटच्या स्प्रिंगांत, गालिच्याखाली कुठेतरी राहून जायचा. सीटा बदललेल्या होत्या, गालिचा नवा होता. टाकी मात्र जुनी दिसत होती. विक्रेत्यांनी परवानगी दिली; त्यांनाही आता जाणून घ्यायचंच होतं. पेट्रोल काढलं, दोन पट्टे सोडले आणि टाकी हळूहळू खाली घेतली.

कागद होता. धुळीने आणि गंजाने टाकीला चिकटलेला, एका कोपऱ्यातून उंदरांनी खाल्लेला, टाकीच्या पत्र्यावरच्या वळ्यांचे गंजलेले पट्टे त्यावर उमटलेले. तो ओढून काढायचा मोह आवरावा लागतो. आधी जागेवरच फोटो घेतले, मग पाण्याचा फवारा मारून पातळ पात्याने अर्ध्या तासाच्या कामात तो सोडवला. वर गाडीचा नंबर, सगळे आकडे जुळणारे. आणि खाली चौकटींमध्ये झेड-२५.

खरी एसएस. पण ३९६.

शेजारी वाचता येत होते: एम-४०, म्हणजे टर्बो हायड्रामॅटिक ४०० ऑटोमॅटिक, जी-८०, पॉझिट्रॅक्शन (मागचं एकच चाक नुसतं फिरत राहू न देणारा डिफरन्शियल), एन-४०, पॉवर स्टिअरिंग, सी-०८, व्हिनाइलचं छप्पर, यू-६३, साधा एएम रेडिओ, आणि सी-६०. बकेट सीटचा ए-५१ नाही, कन्सोलचा (दोन सीटांमधल्या कप्प्याचा) डी-५५ नाही. पट्टीवरचा बेंच सीटचा कोड आणि छपराचं अक्षर दोन्ही या कागदाशी जुळत होते.

इंजिनाच्या चौकटीत मात्र सीटी एवढंच उरलं होतं, तिसरं अक्षर उंदरांच्या पोटात गेलेलं. ऑटोमॅटिक असलेल्या १९७० च्या एसएस ३९६ ला सीटीडब्ल्यू म्हणजे ३५० हॉर्सपॉवरचं एल-३४, आणि सीटीवाय म्हणजे ३७५ हॉर्सपॉवरचं एल-७८. (नाव ३९६ असलं तरी त्या वर्षी आतलं इंजिन ४०२ घनइंचांचं होतं, बिल्ला जुनाच चालू ठेवला होता.) एल-७८ ऑटोमॅटिक दुर्मिळ. विक्रेत्यांचा चेहरा उजळला. "मग ती ३७५ वाली असू शकते!" माझे स्नेही काही बोलले नाहीत, पण त्यांनाही तेच हवं होतं, हे दिसत होतं.

पण कागदावर सी-६० होता, आणि सी-६० म्हणजे एअर कंडिशनिंग. जास्त आरपीएमवर पळणाऱ्या सॉलिड लिफ्टरच्या (व्हॉल्व्ह उचलणारे भाग भरीव असलेल्या) इंजिनांबरोबर, म्हणजे एल-७८ आणि एलएस-६ दोन्हींबरोबर, शेव्हरोले एसी देतच नसे. ऑर्डर फॉर्मवर ही जोडी चालत नव्हती. तेव्हा हरवलेलं अक्षर डब्ल्यूच असलं पाहिजे.

हाच पुरावा गाडीवर पहिल्या दिवसापासून समोर होता. कारखान्याच्या एसीवाल्या शेव्हेलमध्ये फायरवॉलचं भोक नुसत्या हीटरच्या गाडीपेक्षा मोठं आणि वेगळ्या आकाराचं असतं. इथे नुसत्या हीटरचा डबा बसवून उरलेल्या जागेवर हाताने कापलेल्या पत्र्याचा तुकडा मारलेला होता. डॅशबोर्डच्या मधोमध एसीच्या झडपा होत्या, मागे पाइप काही नाही. विक्रेत्यांना वाटायचं, डॅशबोर्ड कुठल्या तरी दुसऱ्या गाडीचा आणून बसवलाय.

मला या प्रकरणातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. इंजिनाच्या शिक्क्याकडे सगळ्यांची नजर असते, म्हणून तोच खोटा केला जातो. रेडिओ, छप्पर, बेंच सीट, एसी यांना कुणी भाव देत नाही, म्हणून ते खोटे करायच्या भानगडीतही कुणी पडत नाही. आणि हे ऑप्शन्स सुटे नसतात. कशाबरोबर काय मिळायचं आणि काय मिळायचं नाही, याचे त्या वर्षाचे पक्के नियम होते. ते नियम माहीत असतील तर फाटक्या कागदावरची रिकामी चौकटही भरता येते. १९७० साली पेनसिल्व्हेनियात कुणीतरी निळी, पांढऱ्या छपराची, बेंच सीटची, ऑटोमॅटिक, एसीवाली एसएस मागवली होती. रेसच्या पट्टीवर पळवायला घेतलेली ही गाडी नव्हे. उन्हाळ्यात घरच्यांना बसवून लांब जायला घेतलेली, आणि तरीही ३५० हॉर्सपॉवरची.

व्यवहार

विक्रेत्यांना हे पचवायला वेळ लागला. त्यांनी एलएस-६ च्या भावाने नाही, तरी बऱ्यापैकी पैसे मोजून ती घेतली होती. आम्ही त्यांना सगळे फोटो, नंबर आणि कागदाची प्रत दिली, गाडी घेवो न घेवो. काही आठवड्यांनी त्यांनीच फोन केला आणि मूळ इंजिन नसलेल्या, पण बांधणीचा कागद असलेल्या एसएस ३९६ च्या भावाने सौदा झाला. माझ्या मते तो दोघांनाही न्याय देणारा होता. खऱ्या कागदाला किंमत असते, आणि इथे तो गाडीच्या बाजूने बोलला नसला तरी गाडीचा होता.

आता स्नेह्यांचा बेत तिला पुन्हा फॅदम ब्लू करायचा आहे, पांढऱ्या व्हिनाइलसह. मूळ इंजिन सापडण्याची आशा कुणी धरलेली नाही. १९६९ च्या शेवटी किंवा १९७० च्या सुरुवातीला ओतलेला ३९६९८५४ नंबरचा ४०२ चा ब्लॉक ते शोधताहेत. त्यावर गाडीचा नंबर पंच करायचा नाही, हे त्यांनी आधीच ठरवलंय. जो नंबर असेल तो राहील आणि फाइलमध्ये तसंच लिहिलं जाईल. ४५४ विकताना त्याची ओतकामाची तारीख आणि वरचा शिक्का दोन्हींचे फोटो सोबत जातील, म्हणजे ते पुन्हा कुठल्या शेव्हेलमध्ये एलएस-६ म्हणून चढणार नाही.

सध्या अडकलंय ते एसीवर. फ्रिजिडेअरचा ए-६ कॉम्प्रेसर दुरुस्त होऊन मिळतो, पण बिग-ब्लॉकला बसणारे त्याचे ब्रॅकेट आणि फायरवॉलवरचा मूळ इव्हॅपोरेटरचा (हवा गार करणाऱ्या भागाचा) डबा, दोन्ही चांगल्या अवस्थेत एकत्र मिळणं कठीण जातंय. कुणाकडे १९७० च्या एसीवाल्या शेव्हेलचा डबा असेल, कडेला थोडी चीर गेलेली असली तरी चालेल, तर जरूर कळवावं.